पलटी नांगराच्या प्लेटवरचा रंग का निघाला : आमचं उत्तर

दादा, नमस्कार.

तुम्ही दोन स्टार देऊन लिहिलंत की, आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी आमच्या जळगाव एमआयडीसीतल्या युनिटमधून पावडर कोटिंग (रंगाची कोरडी पूड मारून भट्टीत भाजणं) करून नेलेल्या पलटी नांगरांपैकी अकरा नांगरांच्या जाड प्लेटांवरून रंगाचे पापुद्रे निघाले. शेतकरी तुमच्या दारात येऊन बोलून गेले. तुम्ही विचारायला आलात, तर आमच्या मुलाने भट्टीच्या मीटरवरचे २०० अंश दाखवून तुम्हाला परत पाठवलं. आम्ही हलकी पावडर मारतो आणि गॅस वाचवायला माल कच्चा काढतो, असंही तुम्ही लिहिलंत.

रंग निघाला ती चूक आमची आहे. मुलगा तुमच्याशी जसं बोलला तीही आमचीच. त्याबद्दल मी तुमच्या दुकानावर येऊन माफी मागितली आहे आणि इथे सगळ्यांसमोर पुन्हा मागतो. पण चूक नेमकी कुठे झाली ते सविस्तर लिहितो, कारण जळगाव, भुसावळ, धुळ्याकडे नांगर, ट्रॉली, गेट रंगवून घेणारे तुमच्यासारखे बरेच जण हे वाचतील.

त्या दिवशी जाताना तुम्ही म्हणालात, ‘माले मीटर नका दाखवू, लोखंड दाखवा.’ तुमचं ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. तुम्ही टेबलावर टाकून गेलेली १६ मिलीमीटरची प्लेट मी उचलली, पांढरं सुती फडकं एमईके या रंग विरघळवणाऱ्या सॉल्व्हंटमध्ये बुडवलं आणि प्लेटवर दाबून घासायला लागलो. नीट भाजलेल्या कोटिंगवर असे तीस फेरे मारले तरी फडक्याला फार तर जरासा डाग लागतो. तुमच्या प्लेटवर दहा-बारा फेऱ्यांतच फडकं रंगलं, पृष्ठभाग मऊ पडला आणि चकाकी गेली. रंग निघाला होता तिथे खाली रंगाआधी धुलाईत चढवलेला फॉस्फेटचा राखाडी थर जसाच्या तसा होता, गंज नव्हता. म्हणजे धुलाईच्या टाक्यांत काही चुकलं नव्हतं. प्लेट भाजलीच गेली नव्हती.

मग मीटर खोटं होतं का? नाही. मीटरचा सेन्सर भट्टीच्या भिंतीला आहे, तो आतल्या हवेचं तापमान सांगतो. पावडरच्या डेटाशीटवर लिहिलेलं असतं ते धातूचं तापमान. आमच्या पावडरला धातू २०० अंशांवर १० मिनिटं किंवा १८० अंशांवर २० मिनिटं राहायला हवा, आणि ही मिनिटं मोजायची ती लोखंड तेवढं तापल्यावर, भट्टीचं दार लावल्यापासून नव्हे. चूल पेटली म्हणून तवा लगेच तापत नाही, आणि पत्र्याच्या तव्यापेक्षा बिडाच्या तव्याला जास्त वेळ लागतो, हे आपल्या घरात भाकरी थापणाऱ्या प्रत्येकीला माहीत असतं. इतकी वर्षं या धंद्यात राहून मी ते भट्टीला लावलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच प्लेटच्या कडेला बारीक भोक पाडून त्यात के टाइप थर्मोकपलच्या, म्हणजे धातूचं तापमान मोजणाऱ्या वायरचं टोक घट्ट बसवलं. दुसरी वायर कूलरच्या बॉडीच्या पातळ पत्र्याला लावली. आखाजीच्या घाईत तुमच्या प्लेटा आणि कूलरचे पत्रे एकाच ट्रॉलीवर टांगले गेले होते, म्हणून या वेळीही दोन्ही तसेच टांगले. वायरी दाराच्या फटीतून बाहेर काढल्या आणि मी स्टूल घेऊन समोर बसलो. दर दोन मिनिटांनी एका जुन्या बिलाच्या पाठीवर आकडे लिहीत गेलो. भट्टीचं मीटर सातव्या मिनिटाला २०० वर आलं. कूलरच्या पत्र्याने नवव्या मिनिटाला १९० गाठले. विसाव्या मिनिटाला, म्हणजे आम्ही रोज ट्रॉली बाहेर ओढायचो त्या वेळी, तुमची प्लेट होती १४६ वर. तिने १८० ओलांडले ते चाळिसाव्या मिनिटाला. त्यावर आणखी वीस मिनिटं धरली तर प्लेट निघायला हवी होती पूर्ण तासाने. आम्ही ती एक तृतीयांश वेळात काढली होती.

ट्रॉली बाहेर आली तेव्हा कोणालाच काही कळलं नाही, कारण पावडर सव्वाशे अंशांच्या आसपासच वितळून पसरते आणि चकाकते. डोळ्यांना काम झालेलं दिसतं. पण पावडरमधले रेझिन आणि ते घट्ट करणारा हार्डनर एकमेकांत बांधले जायला वरचं तापमान आणि वेळ दोन्ही लागतात. ती बांधणी अर्धवट राहिली की थर ठिसूळ राहतो आणि धातूला घट्ट धरत नाही. मग ढेकळाचा एक मार बसला की पापुद्रा सुटतो.

इन्फ्रारेड गनने (लांबून तापमान मोजणाऱ्या यंत्राने) तपासत नाही का, असं एकाने तुमच्या रिव्ह्यूखाली विचारलं आहे. गन आमच्याकडे आहे. पण ती फक्त वरचा पृष्ठभाग पाहते, आणि भट्टीत रोखली तर तापलेल्या भिंतींची उष्णताही त्यात मिसळते. दार उघडून मोजेपर्यंत पातळ पत्रा झपाट्याने निवतो. कोऱ्या चकचकीत धातूवर तर ती बरंच कमी दाखवते. रंगवलेल्या भागावर एमिसिव्हिटी (पृष्ठभाग किती उष्णता बाहेर फेकतो तो आकडा) ०.९५ ला लावून झटपट अंदाज घ्यायला ती चालते, पण जाड प्लेटचा निकाल मी आता तिच्यावर सोडत नाही.

दोन आरोप मात्र मी मान्य करत नाही. पावडर हलकी नव्हती. त्याच खोक्यातली पावडर त्याच नांगरांच्या पातळ पट्ट्यांवर आहे आणि ती आजही शाबूत आहे, तुम्ही स्वतः नख लावून पाहिलंत. गॅस वाचवायला माल लवकर काढला, हेही खरं नाही. सगळ्या मालाला एकच वीस मिनिटांचा हिशेब लावला, तोही घाईच्या महिन्यात, हे खरं आहे.

‘सरळ २३० वर भाजा’ असं तुम्ही सुचवलंत. त्याने प्लेट थोडी लवकर तापेल, पण शेजारच्या पातळ पत्र्यावरचा रंग जळेल आणि पांढरे-फिके शेड पिवळे पडतील. म्हणून जाड आणि पातळ माल आता एका ट्रॉलीवर जात नाही. प्रत्येक नव्या जॉबला पहिल्या लॉटमध्ये सगळ्यात जाड जागी एक वायर आणि दाराजवळच्या कोपऱ्यातल्या नगावर दुसरी. आमच्या भट्टीत तो कोपरा थंड राहतो, हेही वायर लावल्यावरच कळलं. जिथे वायर बसत नाही तिथे ठरावीक तापमानाला काळी पडणारी पट्टी चिकटवतो. वेळ कार्डावर लिहून कार्ड मालासोबत देतो. तुम्ही ते मागून घ्या, आमच्याकडे आणि दुसरीकडे रंगवायला द्याल तिथेही.

आता तुमच्या अकरा नांगरांचं. नुसत्या कच्च्या राहिलेल्या कोटिंगला पुन्हा भाजून चालतं, पण पापुद्रे निघालेल्या प्लेटांना नाही. त्या शॉट ब्लास्ट करून (जोरात लोखंडी छर्रे मारून) कोऱ्या कराव्या लागतील आणि पुन्हा पहिल्यापासून धुऊन रंगवाव्या लागतील. जोडलेला नांगर तसाच भट्टीत घालता येत नाही, हायड्रॉलिक सिलिंडरची सीलं आणि होज त्या तापमानाला टिकणार नाहीत. म्हणून सुटे करायची आणि परत जोडायची फिटरची मजुरी मी देतो. रावेर तालुक्यातून आणायचं-न्यायचं भाडंही माझं. उन्हाळ नांगरटी झाली आहे, नांगर सध्या गोठ्यात उभे असतील. रब्बीच्या आधी सगळे परत करतो. ज्या शेतकऱ्यांचा रंग अजून निघालेला नाही त्यांचेही त्याच लॉटचे नांगर असतील तर पाठवा.

पुढच्या मालाबद्दल आत्ताच सांगतो: १० मिलीमीटरच्या वरच्या प्लेटांना भट्टीत तास जातो, त्यामुळे त्यांचा दर पत्र्यापेक्षा जास्त पडेल. तो काम घेतानाच सांगेन. तुमच्या या अकरा नांगरांना तो लागू नाही.

मंगळवारी सकाळी नऊला पहिल्या चार नांगरांच्या प्लेटा भट्टीत जातील. तुम्ही या, शेतकऱ्यांपैकी कोणी येणार असेल तर त्यांनाही आणा. वायर तुमच्यासमोर बसवू, आकडे तुम्ही लिहा, आणि १८० नंतरची वीस मिनिटं भरली की दार तुम्हीच उघडायला सांगा.