फॉर्मवर रकाना होता म्हणून

भाचा अमेरिकेला एमएस करायला चाललाय. युनिव्हर्सिटीच्या फॉर्मवर मेनिंगोकोकल (म्हणजे एका जंतूमुळे होणाऱ्या मेंदूज्वराच्या) लसीचा रकाना बघून ताई वैतागली. "त्याच्या सगळ्या लसी झाल्यात, फाइल आहे माझ्याकडे!" फाइल आहे खरी, पण तिच्यात ही लस नाही. सरकारी लसीकरणात ती नाहीच. शेवटी नौपाड्यात काही हजार मोजून टोचून आणली. राबोडीतल्या मैत्रिणीच्या आईनेही हजला जाताना हीच घेतली होती, तिथे सक्तीची आहे. म्हणजे परदेशात जायचं असेल तर लस, नाहीतर आजाराचं नावही माहीत नाही! दिल्लीत १९६६, १९८५ आणि २००५ साली याच मेंदूज्वराची साथ आली होती, हेही मला आत्ताच कळलं.

सगळ्यात जास्त धोका वर्षाच्या आतल्या बाळांना, आणि ओळखायला अवघडही तिथेच. मान आखडते हे आपण ऐकलेलं असतं, पण तान्ह्या बाळाची बऱ्याचदा आखडतच नाही. ते दूध ओढत नाही, मलूल पडतं, किंचाळल्यासारखं रडतं, टाळू फुगते, अंगात ताप पण हातपाय गार. घरात मात्र "दात येतायत" नाहीतर "दृष्ट लागली". (मीही मीठ-मोहऱ्या ओवाळते. पण असं दिसलं तर आधी रिक्षात बसा, मग ओवाळा.)

मग धोका पुन्हा वाढतो तो साधारण सोळा ते तेवीस वयात. दहातल्या एकाच्या नाकाघशात हा जंतू निमूट बसलेला असतो, तरुणांत जास्तच. हॉस्टेलच्या एका खोलीत चौघं, एकच बाटली सगळ्यांच्या तोंडाला. सुरुवात फ्लूसारखी. पोरगं क्रोसिन घेऊन झोपतं, बाकीचे लेक्चरला जातात. चोवीस तासांत जीव जाऊ शकतो. उपचार मिळूनही शंभरातले दहा-पंधरा दगावतात. वाचलेल्यांत कुणाचं ऐकणं जातं, कुणाचे हातपाय कापावे लागतात. अंगावर जांभळे डाग उठले तर काचेचा पेला दाबून बघा. डाग विरले नाहीत तर थेट हॉस्पिटल. आपल्या सावळ्या कातडीवर ते पटकन दिसत नाहीत, म्हणून तळहात, तळपाय, पापणीची आतली बाजू बघायची. आणि डाग नाहीत म्हणून थांबायचं नाही, ते उशिरा उठतात, कधी उठतही नाहीत.

पासष्टीपुढे पुष्कळदा न्यूमोनियाच दिसतो. आजोबा असंबद्ध बोलू लागले की आपण "वय झालं" म्हणून मोकळे.

सगळ्यांनी रांगा लावा असं माझं म्हणणं नाही. आजार दुर्मीळ आहे, आपले बालरोगतज्ज्ञही ही लस जोखमीच्या मुलांनाच सुचवतात. पण हॉस्टेलला निघालेल्या पोरांबाबत डॉक्टरांना निदान विचारावं तरी!

ताईची धाकटी जूनमध्ये पुण्याला हॉस्टेलवर चाललीय. तिच्या फॉर्मवर ब्लड ग्रुप आणि दोन फोटो, एवढंच मागितलंय.