पडेल सिनेमे, भरलेला गल्ला

अमेरिकन रॉक गायक एल्विस प्रेस्लीबद्दल एक मजकूर सारखा फिरत असतो: ‘एका स्टुडिओने त्याला करारात अडकवलं, 31 टुकार सिनेमे करून घेतले, ते सगळे आपटले, पैसा स्टुडिओने खाल्ला आणि उरलेल्यातला निम्मा मॅनेजर कर्नल पार्करने. शेवटी 1968 च्या टीव्ही कार्यक्रमाने त्याची सुटका केली.’ यातलं ‘टुकार’ बऱ्याच अंशी मान्य. बाकीचं एकेक तपासून घ्यावं लागेल.

‘एका स्टुडिओने’? एप्रिल 1956 चा करार निर्माता हॅल वॉलिसशी होता आणि वॉलिसचे सिनेमे पॅरामाउंट काढत असे. पण त्या करारात बाहेर काम करायची मुभा होती. पहिलाच सिनेमा, ‘लव्ह मी टेंडर’, फॉक्सचा. कथाचित्रांची मोजदाद अशी: एमजीएम 12, पॅरामाउंट 9, युनायटेड आर्टिस्ट्स 4, फॉक्स 3, आणि अलाइड आर्टिस्ट्स, नॅशनल जनरल, युनिव्हर्सल यांचा प्रत्येकी एक. वॉलिसच्या मूळ करारात पहिल्या सिनेमाचे 15,000 डॉलर ठरले होते. एमजीएमने 1957 च्या ‘जेलहाउस रॉक’साठी अडीच लाख आणि वर निम्मा नफा मोजला. असे सात दरवाजे उघडे असलेल्या माणसाला अडकलेला कसं म्हणायचं?

‘सगळे आपटले’ हे तर उलटंच आहे. डॉन सीगलचा ‘फ्लेमिंग स्टार’ (1960) आणि क्लिफर्ड ओडेट्सने लिहिलेला ‘वाइल्ड इन द कंट्री’ (1961) हे अभिनयाला वाव देणारे सिनेमे बेताचे चालले. त्याच 1961 मध्ये ‘ब्लू हवाई’ आला आणि त्याच्या गाण्यांची रेकॉर्ड बिलबोर्ड या अमेरिकन मासिकाच्या लोकप्रिय अल्बमच्या यादीत 20 आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली. निर्मात्यांनी यातून काय धडा घेतला असेल, ते सांगायला नको. बीटल्सची लाट ऐन भरात असताना, जानेवारी 1965 मध्येसुद्धा, ‘राउस्टअबाउट’ या त्याच्या सिनेमाचा अल्बम पहिल्या क्रमांकावर पोहोचला. गल्ला खऱ्या अर्थाने आटला तो त्यानंतर.

आता ‘पैसा स्टुडिओने खाल्ला’. खरी गोम इथे आहे, कारण सिनेमे पातळ झाले ते एल्विसला कमी मिळालं म्हणून नव्हे, तर आधीच फार मिळालं म्हणून. अलाइड आर्टिस्ट्सच्या ‘टिकल मी’साठी (1965) त्याचं मानधन साडेसात लाख डॉलर होतं, म्हणजे सिनेमाच्या खर्चाचा निम्मा भाग, शिवाय नफ्यात निम्मा वाटा. उरलेल्या पैशात सेट, बाकीचे नट, कॅमेरा आणि संकलन. मग बचत कशात? नवी गाणी रेकॉर्डच केली नाहीत. आधीच्या अल्बममधली जुनी गाणी वापरली.

नफ्यातला वाटा खर्च वजा करूनच मिळतो, म्हणून चित्रीकरण लांबलेला प्रत्येक दिवस पार्करच्या डोळ्यांत खुपायचा. दिग्दर्शक जॉर्ज सिडनीने ‘व्हिवा लास वेगस’चा खर्च हाताबाहेर जाऊ दिला. लगेच पुढचं काम गेलं झटपट सिनेमांसाठी प्रसिद्ध असलेल्या निर्माता सॅम कॅट्झमनकडे. ‘किसिन कझिन्स’ अडीच आठवड्यांत उरकला, आणि नंतर चित्रित होऊनही 1964 मध्ये ‘वेगस’च्या आधी पडद्यावर आला. दुहेरी भूमिका असलेल्या या सिनेमात डमीचा, म्हणजे एल्विसच्या जागी उभ्या केलेल्या माणसाचा, चेहरा सरळ दिसतो, तरी तो शॉट तसाच राहिला! ‘फन इन अकापुल्को’साठी (1963) एल्विस मेक्सिकोला गेलाच नाही. तिथली दृश्यं दुसऱ्या युनिटने डमी घेऊन टिपली आणि एल्विस हॉलिवूडमध्ये, मागच्या पडद्यावर चालणाऱ्या फिल्मसमोर उभा राहिला.

‘गाणी वाईट, कारण त्याला गाण्याची पारख उरली नाही’ अशी एक पुरवणीही या मजकुराला जोडली जाते. गाणं आधी रेकॉर्ड करून नंतर त्यावर ओठ हलवायचे, ही पद्धत आपल्याकडच्या प्रेक्षकाला नवी नाही. दुखणं गाणी निवडण्यात होतं. पटकथेतल्या गाण्यांच्या जागा हिल अँड रेंज या संगीत-प्रकाशनसंस्थेच्या गीतकारांना कळवल्या जात आणि त्यांची नमुना-रेकॉर्डिंग एल्विसपुढे येत. एल्विसच्या नावाच्या प्रकाशन कंपन्यांत या संस्थेची भागीदारी होती. गाणं निवडलं जावं म्हणून गीतकाराला आपल्या मिळकतीचा काही भाग सोडावा लागे. ज्यांना ही अट मान्य नव्हती, त्यांची गाणी त्याच्या कानापर्यंत पोहोचतच नसत. एका सिनेमाला दहा-बारा गाणी आणि वर्षाला तीन सिनेमे, एवढी मागणी पुरवायची तर भरताड येणारच. तरीही ‘कान्ट हेल्प फॉलिंग इन लव्ह’ आणि ‘रिटर्न टू सेंडर’ याच गिरणीतून निघाली, हे विसरू नये.

‘पार्करने निम्मा खाल्ला’ हे सिनेमाच्या मानधनाबाबत चूक. बहुतेक सिनेमे झाले त्या काळात त्याचा वाटा 25 टक्के होता. जानेवारी 1967 च्या नव्या करारानंतरही मानधनावर तो तेवढाच राहिला. निम्मा वाटा ठरला तो त्यापलीकडच्या नफ्यावर आणि रॉयल्टीवर. मॅनेजरसाठी 25 टक्केही भरमसाटच, पण आकडा सांगायचा तर नीट सांगावा.

राहिला 3 डिसेंबर 1968 चा टीव्ही कार्यक्रम, ज्याने म्हणे त्याला सिनेमातून सोडवलं. एनबीसी या टीव्ही वाहिनीशी झालेल्या ज्या सौद्यातून तो कार्यक्रम निघाला, त्याच सौद्यात एक सिनेमाही होता. तो म्हणजे 1969 मध्ये युनिव्हर्सलने काढलेला, एल्विसचा शेवटचा कथापट ‘चेंज ऑफ हॅबिट’.