‘गोष्ट कोण बघतं?’ म्हणणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

गेल्या रविवारी भाच्याने मला एक फॉरवर्ड पाठवला. तोच मेसेज त्याआधी घरच्या ग्रुपवर दोनदा येऊन गेला होता, तेव्हा मी वाचून सोडून दिला. या वेळी सोडता आला नाही, कारण खाली त्याने लिहिलं होतं, ‘मामा, म्हणून आम्ही चौथं पान काढून टाकलं.’ तो आणि त्याचे मित्र बारा मिनिटांची शॉर्ट फिल्म करतायत. दोन भाऊ, एक मोटारसायकल, फोंडा घाटात पाठलाग. चौथ्या पानावर दोघं टपरीवर चहा पितात आणि धाकटा थोरल्याला गाडीची किल्ली देत नाही. तेवढंच. ते पान गेलं आणि त्या दिवसाच्या शूटिंगचे पैसे ड्रोनला गेले.

मेसेज थोडक्यात असा : ॲक्शनपट लोक डोळ्यांसाठी बघतात, गोष्टीसाठी नाही. ‘मॅड मॅक्स : फ्युरी रोड’ला गोष्टच नव्हती, तरी सहा ऑस्कर. ‘अवतार’ आणि ‘बाहुबली’च्या गोष्टी जुन्याच, चालली ती भव्यता. आपल्या लोकांना तर पूर्वीपासून देखावाच लागतो. तेव्हा नव्या मुलांनो, पटकथेवर महिने घालवू नका, पैसा पडद्यावर दिसू द्या.

आधी ‘फ्युरी रोड’ घेतो. सगळा मेसेज त्याच्याच जोरावर उभा आहे आणि तोच मुद्दा सगळ्यात खोटा आहे.

जॉर्ज मिलरच्या २०१५च्या या सिनेमात बोलणं कमी आहे. पण बोलणं कमी म्हणजे गोष्ट नाही, हे कुणी ठरवलं? सुरुवातीला मॅक्सला पकडून बांधतात आणि त्याचं रक्त नक्स नावाच्या आजारी सैनिकाला जबरदस्तीने चढवतात. तिथे तो माणूस नसतो, रक्ताची पिशवी असतो. जुलमी मालकाच्या कैदेतल्या बायकांना घेऊन पळालेली फ्युरिओसा त्याला नाव विचारते, तेही तो सांगत नाही. शेवटी ती मरायला टेकते तेव्हा हाच मॅक्स स्वतःच्या हाताने नळी जोडून तिला रक्त देतो, आणि तेव्हा स्वतःचं नाव सांगतो. तीच नळी, तेच रक्त, आणि मधे एका माणसाचं परत माणूस होणं. नक्सचंही तसंच. आधी तो मालकासाठी मरायला उतावीळ असतो, शेवटी पळून आलेल्या बायकांची वाट मोकळी व्हावी म्हणून अवजड गाडी उलटवून मरतो. फ्युरिओसा ज्या हिरव्या जागेच्या आशेने निघते ती उरलेलीच नाही असं तिला कळतं, आणि जिथून पळाली तिकडेच ती गाडी वळवते. अर्धा सिनेमा पळण्याचा, अर्धा परतण्याचा. एवढं डोळ्यांसमोर घडूनही ज्याला गोष्ट दिसली नाही, त्याने सिनेमा बघितला का, असा मला प्रश्न पडतो.

हे वाळवंटात गेल्यावर आपोआप सुचलेलं नाही. नेहमीसारखी पटकथा लिहिण्याऐवजी मिलरने आधी सुमारे ३,५०० चित्रांचा स्टोरीबोर्ड, म्हणजे प्रसंगांची क्रमवार चित्रं, करून घेतला होता. नामिबियातून जमलेल्या जवळपास ४८० तासांच्या फुटेजमधून संकलक मार्गारेट सिक्सेलने दोन तासांचा सिनेमा काढला. गोष्टीवर वेळ न घालवता केलेल्या सिनेमाचं उदाहरण म्हणून हा निवडायचा?

सहा ऑस्कर खरे. ते सगळे तांत्रिक विभागांतले आणि पटकथेला नामांकनही नव्हतं, हेही खरं. ते मान्य करावंच लागतं. पण त्या सहांत संकलन आहे. बघणाऱ्याला काय आधी कळावं आणि काय नंतर, हे संकलनात ठरतं. ते गोष्ट सांगणंच आहे.

‘अवतार’ची गोष्ट ओळखीची आहे. मीही २००९ साली त्यातलं पॅन्डोराचं जग बघायलाच गेलो होतो. पण सोपी गोष्ट वेगळी आणि कच्ची गोष्ट वेगळी. कोण कुणाच्या बाजूला आहे आणि का, हे तिथे कुठेही सुटत नाही. कच्ची म्हणजे काय ते बघायचं तर २०१८च्या दिवाळीतला ‘ठग्ज ऑफ हिंदोस्तान’ बघा. माल्टात मोठाली जहाजं बांधली, पहिल्याच दिवशी ५० कोटींच्या वर गल्ला झाला आणि मग काही दिवसांत थिएटरं ओस पडली. नुसत्या भव्यतेवर भागत असतं तर ती जहाजं तरली असती.

‘बाहुबली’चं उदाहरण तर मेसेजवरच उलटतं. २०१५ ते २०१७ ही दोन वर्षं लोकांच्या तोंडी काय होतं? धबधबा नव्हे. कटप्पाने बाहुबलीला का मारलं, हे होतं.

आपल्या लोकांना देखावाच लागतो म्हणणाऱ्याने कुडाळकडे एक रात्र दशावतार बघावा. एक बाकडं, मागे पडदा, पेटी, मृदंग, झांज. लिहिलेले संवाद नाहीत. दोन राजे तलवारी घेऊन नाचत लढतात, कुणाला जखम होत नाही, आणि म्हाताऱ्या बायका पहाटेपर्यंत जाग्या असतात. आख्यानात पुढे काय होतं, त्यासाठी.

राहिला शेवटचा मुद्दा, नव्या मुलांना दिलेला सल्ला. माझा खरा राग त्यावर आहे. मोठ्या कंपनीचा एक सिनेमा पडला तर ती दुसरा काढते. या पोरांनी वर्गणी काढलीय. त्यांच्याकडे स्फोट नाहीत, जहाजं नाहीत. फुकट मिळणारी एकच गोष्ट त्यांच्याकडे आहे, आणि हा मेसेज त्यांना तीच टाकून द्यायला सांगतो.

भाच्या, तुझ्या आजोबांच्या आवडीचा ‘शोले’ घे. त्यातल्या रेल्वेवरच्या मारामारीचं चित्रीकरण पनवेलजवळ झालं आणि त्याला सात आठवड्यांहून जास्त लागले. एवढा खर्च, एवढे घोडे. पण त्या प्रसंगातून आपल्याजवळ काय राहतं? जखमी ठाकूरला सोडून पळायचं की इस्पितळात न्यायचं, यासाठी जय उडवतो ते नाणं. शेवटी वीरूच्या हातात ते नाणं येतं, दोन्ही बाजूंना एकच छाप दिसते, आणि मित्र आपल्याशी काय खेळला ते त्याला कळतं. सलीम-जावेदनी ते नाणं लिहिलं नसतं तर उरली असती ती नुसती धावती गाडी.

तुझी किल्ली हे तुझं नाणं आहे. धाकट्याने टपरीवर ती दिली नाही, म्हणून घाटातल्या वळणावर थोरला मागे लागलेला बघून माझ्या पोटात गोळा येईल. ते पान नसेल तर वरून दिसणाऱ्या दोन गाड्या मी किती वेळ बघू? चौथं पान परत घाल. ड्रोन एकाच दिवसासाठी घे, आणि उरलेल्या पैशात टपरीवाल्या काकांना सकाळचे दोन तास मागून घे. सातच्या आत गेलास तर ऊनही तिरपं मिळेल.