पाझर तलावाचा बांध म्हणजे पिकनिक स्पॉट नाहीये

आज परत तेच. सकाळी म्हशी घेऊन तलावावर गेलो तर बांधावर चार गाड्या, एक तर मोठी एसयूव्ही पार मधोमध, दारं सताड उघडी, गाणी फुल आवाजात, आणि पाण्याच्या अंगाला पोरं पिचिंगचे दगड उपसून चूल मांडतायत. चिकन करायचं होतं म्हणे. अरे ते दगड काय शोभेला ठेवलेत का तिथं? पावसाळ्यात वारं सुटलं की लाटा बांधावर आपटतात, माती धुपू नये म्हणून ते दगड हातानं रचून बसवलेले असतात, एक निघाला की शेजारचे सैल होतात आणि मग माती उघडी पडते.

हा बांध मातीचा आहे हो!! आत काळ्या मातीचा गाभा, बाहेरनं मुरूम, बस. १९७२ च्या दुष्काळात झालेलं काम आहे हे, आमची आजी डोक्यावर मातीच्या पाट्या वाहायची, मजुरी आणि सुकडीवर (दुष्काळी कामावर मिळायचं ते कोरडं खाणं). आता तुमच्या गाड्यांनी वर चाकोऱ्या पडतात, पावसात त्यात पाणी तुंबतं, मग ते उतारावरनं वाट काढतं आणि घळी पडतात. यंदा तीन पडल्यात, एकीत माझा पाय गुडघ्यापर्यंत जातो. आणि त्याच्याच खाली आमची वस्ती आहे, लेकरंबाळं झोपतात तिथं.

बोलायला गेलं की म्हणतात काका, तलाव काय तुमच्या मालकीचा आहे का.

सांडव्यात, म्हणजे तलावातलं जादा पाणी बाहेर जायच्या वाटेत, तर दगड रचून डुंबायला डोह केलाय. सांडवा अडला आणि मोठा पाऊस झाला तर पाणी बांधावरनं जाणार, आणि मातीच्या बांधावरनं एकदा पाणी गेलं की तो राहत नाही, कापत जातो. तिवरे विसरलात का? चिपळूण तालुका, २ जुलै २०१९ ची रात्र. मातीचंच धरण, गळती होतेय म्हणून लोक आधीपासनं सांगत होते, कुणी ऐकलं नाही, फुटलं आणि भेंडवाडी वाहून गेली, वीसहून जास्त माणसं गेली. वर मंत्री म्हणाले खेकड्यांनी पोखरलं. चीड येते आजपण आठवलं की.

आम्ही काय मागतोय, तर बांधाच्या तोंडाशी दोन लोखंडी खांब रोवा म्हणजे गाडी आत येणार नाही, आणि उतारावरच्या बाभळी काढा, मुळं आत शिरतायत. तीन अर्ज दिले. एका ऑफिसात म्हणतात तलाव आमच्याकडं नाही, दुसऱ्यात म्हणतात निधी नाही. दोन खांबाला निधी नाही!

संध्याकाळी ती मंडळी गेल्यावर आम्ही तिघांनी दगड परत लावले. चार सापडलेच नाहीत, बहुतेक पाण्यात फेकले. फुटलेल्या बाटल्या पोतंभर निघाल्या. मागच्या महिन्यात याच काचेनं आमच्या म्हशीचा पाय कापलाय, अजून लंगडतेय ती. आणि परवा परत रविवार आहे.