लाख किलोमीटरचे टायर मला नको आहेत

गेल्या पंधरा दिवसांत इंदूरमधल्या पाच दुकानांत मी एकच प्रश्न घेऊन गेलो, आमच्या मोटारीला कोणते नवे टायर घालू, आणि पाचही ठिकाणी मला एकच उत्तर मिळाले, "काकाजी, ये ले जाओ, एक लाख किलोमीटर चलेगा." मी किती गाडी चालवतो, कुठे चालवतो, मला टायरकडून काय हवे आहे, हे एकानेही विचारले नाही. आमची गाडी साडेनऊ वर्षांत 33,000 किलोमीटर चालली आहे, म्हणजे वर्षाला जेमतेम साडेतीन हजार. टिळकनगरहून राजवाडा, भाजी, बँक, डॉक्टर आणि महिन्या-दोन महिन्यांतून एकदा उज्जैन, एवढाच तिचा प्रवास. या हिशेबाने लाख किलोमीटर पुरे करायला मला 28 वर्षांहून अधिक काळ लागेल. तोवर ते रबर टिकणार आहे का, असा साधा प्रश्न मी विचारला, तर दुकानदाराने माझ्याकडे मी भांडायलाच आलो आहे अशा नजरेने पाहिले.

कमी चालणाऱ्या गाडीचे टायर झिजून जात नाहीत, ते म्हातारे होऊन जातात, ही गोष्ट या धंद्यातल्या माणसाला ठाऊक नसेल यावर माझा विश्वास बसत नाही. रबराला ऊन, उष्णता आणि हवेतला ओझोन खातो. त्यापासून वाचवणारी द्रव्ये रबरात मिसळलेली असतात, पण टायर फिरत राहिला, दबत राहिला, तरच ती पृष्ठभागापर्यंत येत राहतात. उभी राहणारी गाडी म्हणूनच अधिक लवकर तडकते. आमच्या गाडीच्या टायरची नक्षी अजून निम्म्याहून अधिक शिल्लक आहे. नक्षीच्या खाचा किमान 1.6 मिलिमीटर खोल हव्यात, ही कायद्याची मर्यादा आहे आणि ती दाखवणाऱ्या टायरवरच्या खुणेपासून आम्ही बरेच दूर आहोत. पण साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, अंगठा दाबला की केसाएवढ्या बारीक भेगा उघडतात, अगदी जुन्या चपलेच्या पट्ट्यावर पडतात तशा. त्यावर 4216 असा आकडा आहे, म्हणजे 2016 सालचा 42 वा आठवडा. पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी तपासून घ्यावेत आणि दहा वर्षांनंतर, दिसायला चांगले असले तरी, बदलावेत, असे अनेक टायर कंपन्या स्वतःच सांगतात. आणि त्यांचाच माल विकणारा माणूस मला म्हणतो, "अभी तो गोटा भी नहीं हुआ, क्यों बदलते हो?"

खरा संताप मला चौथ्या दुकानात आला. तिथे टायर दाखवला, भाव सांगितला, मी हो म्हणण्याच्या बेतात होतो. उत्पादनाचा आठवडा सांगणारा आकडा पुष्कळदा एकाच बाजूला असतो, म्हणून मी टायर उलटवायला सांगितला. त्याने ऐकून न ऐकल्यासारखे केले. शेवटी मीच गुडघे टेकून, मोबाइलच्या उजेडात, धूळ पुसून आकडा वाचला: 0824, म्हणजे फेब्रुवारी 2024. सव्वादोन वर्षांचा टायर, तोही दुकानाबाहेर फुटपाथवर इंदूरचे उन्हाळे झेललेल्या थप्पीतला, आणि किंमत ताज्या मालाची! वर उत्तर काय, तर "कंपनी पॅक है, नया ही है." तीन वर्षांत टायर घासून टाकणाऱ्या टॅक्सीवाल्याला या सव्वादोन वर्षांनी फारसा फरक पडणार नाही. माझा टायर मात्र वयानेच बाद होणार आहे, त्यामुळे ही सव्वादोन वर्षे सरळ माझ्या खिशातून काढलेली आहेत. औषधाच्या बाटलीवरची तारीख झाकून कोणी विकली तर आपण गप्प बसतो का?

आता आवाजाचे सांगतो. माझी पत्नी श्रवणयंत्र वापरते. बायपासवर सिमेंटच्या रस्त्याला लागले की टायरची घरघर त्या यंत्रातून इतकी वाढून ऐकू येते की शेजारी बसून मी बोललेले तिला कळत नाही, आणि उज्जैनपर्यंतचे सारे अंतर आम्ही मुक्याने कापतो. म्हणून मला शांत टायर हवे आहेत. ही चैन नाही. आवाज कशामुळे कमी होतो, हे काही गूढ नाही. नक्षीचे सगळे ठोकळे एकाच मापाचे असले तर एकच सूर भुणभुणत राहतो, म्हणून चांगल्या टायरमध्ये त्यांची लांबी मुद्दाम कमी-जास्त ठेवलेली असते. मोठे, उघडे ठोकळे आवाज वाढवतात. टायर वेडावाकडा झिजला तर नवाही गुणगुणू लागतो, म्हणून अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवून घेणे, लागते. यातले एक वाक्यही मला दुकानात ऐकायला मिळाले नाही. उलट भाच्याने सुचवले, "मामा, एक साइज वाढवा, गाडी भारदस्त दिसेल." रुंद टायर बहुधा आवाज वाढवतो आणि पेट्रोलही जास्त पितो, हे त्याला समजावता समजावता माझा घसा बसला.

आणि सगळ्यात चीड येते ती या गोष्टीची, की ही माहिती मोजली जाते, पण आमच्यापर्यंत पोहोचत नाही. युरोपात 2012 पासून प्रत्येक नव्या टायरवर लेबल असते: इंधनाची बचत, ओल्या रस्त्यावरची पकड आणि डेसिबलमध्ये आवाज. तो आवाज रस्त्याच्या कडेला मोजलेला असतो, गाडीच्या आतला नव्हे, हे खरे. तरी दोन टायर शेजारी ठेवून तुलना करायला काहीतरी हातात असते. आपल्याकडेही 2022 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती होऊन याच तीन गोष्टींसाठी एआयएस-142 हे मानक लागू झाले. म्हणजे चाचणी होते, आकडे निघतात. मग पाच दुकानांत मिळून एकाही टायरवर मला आवाजाचा आकडा का दिसला नाही? हजारो रुपये मोजणाऱ्या माणसाला "आँख बंद करके ले जाओ" हे ऐकावे लागते, कारण डोळे उघडे ठेवून वाचण्यासारखे त्याच्यासमोर काही ठेवलेलेच नसते.

लाख किलोमीटरचा टायर फुकट मिळत नाही, त्याची किंमत दुसरीकडे चुकवावी लागते. जास्त टिकावे म्हणून रबर कडक ठेवले की सहसा ओल्या रस्त्यावरची पकड कमी होते. मला जे नको आहे ते आयुष्य माझ्या माथी मारून, मला जे हवे आहे ते, म्हणजे पहिल्या पावसात चिकट झालेल्या रस्त्यावर वेळेवर थांबणारी गाडी, हे लोक काढून घेत आहेत.

पाचव्या दुकानात मी कागदावर लिहून दिले: माप 185/65 आर 15, भारांक (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) 88 किंवा अधिक, सहा महिन्यांच्या आतले उत्पादन, चारही टायर एकाच नमुन्याचे, मऊ आणि शांत. त्याने कागद वाचला, घडी केली आणि गल्ल्याखाली सरकवला. "मंगवाना पड़ेगा, तीन हफ्ते." पाऊस दारात आला आहे. भेगाळलेल्या टायरवर मी पत्नीला घेऊन बायपासला जाणार नाही, त्यामुळे गाडी अंगणात उभी आहे आणि काल श्रवणयंत्राच्या तपासणीला आम्ही रिक्षाने गेलो.