येताना इच्छाशक्ती आणू नका

आज दुपारपासून डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांब होणार. वाचायची नसेल तर पुढे सरका, राग नाही.

दादा पडला ते तुमच्यातल्या बहुतेकांना माहीत आहे. दहीहंडीच्या सरावात, वरच्या थरावरून. डी-१० चा मणका मोडला आणि मज्जारज्जूला मार बसला. बेंबीच्या खाली त्याला काही कळत नाही. हात ठणठणीत, आणि डोकं आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त चालतं.

तर आज आमचे एक काका भेटायला आले. हातात शहाळी, मोबाइलवर पॅरालिम्पिकवाल्या मुरलीकांत पेटकरांचा व्हिडिओ. पाऊण तास बसले, व्हिडिओ दोनदा दाखवला आणि उठताना दादाच्या खांद्यावर थाप मारून म्हणाले, "सगळं मनावर असतं रे. तू मनावर घेतलंस ना, तर गणपतीत नाचशील."

दादा हसला. "हो काका," म्हणाला. ते गेले आणि त्याने टीव्ही लावला. संध्याकाळचा व्यायाम केला नाही, कोणाशी धड बोलला नाही.

म्हणजे आजवर तो मनावर घेत नव्हता, असंच ना? आळस करत पडला होता पलंगावर? अहो, मज्जारज्जू म्हणजे हाताचं हाड आहे का, प्लास्टर घातलं की सांधायला? मेंदूचा निरोप खाली पोचतच नाही. वर बसून माणसाने कितीही मनावर घेतलं तरी खाली कोणाला ऐकू जाणार?

आणि त्याचे पाय हलतात बरं का. मधूनच उडतात, ताठ होतात, थरथरतात. त्याला स्पॅझम म्हणतात. ते मज्जारज्जूच्या खालच्या भागाचं परस्पर चाललेलं असतं, त्यात मेंदूचा हुकूम नसतो. पण आमची आत्या प्रत्येक वेळी ओरडते, "हलला! पाय हलला!" आणि लगेच जेजुरीचा नवस. मग दादालाच तिला सांगावं लागतं, "आत्या, मी नाही हलवला." हे वाक्य त्याला किती वेळा बोलावं लागलं असेल याचा विचार करा. हीच आत्या परवा त्याच्या पायाला गरम पाण्याची पिशवी लावायला निघाली होती. त्याला चटका कळत नाही, फोड आला तरी कळणार नाही! वहिनीने हातातून ओढून घेतली, तर वहिनीच उद्धट.

पेटकरांबद्दल एक अक्षर वाईट बोलणार नाही. १९६५ च्या युद्धात गोळ्या झेलल्या आणि १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहून सुवर्णपदक आणलं, भारताचं पहिलं. सांगली जिल्ह्यातला आपला माणूस, अभिमान आहेच. (पद्मश्री द्यायला आपल्याला २०१८ उजाडलं, तो राग वेगळा.) पण काका, ६५ आणि ७२ च्या मध्ये सात वर्षं आहेत. तुमच्या व्हिडिओत ती पाच सेकंदांत जातात. त्या सात वर्षांत लष्कराचं हॉस्पिटल होतं, व्यायाम म्हणून पाण्यात उतरवणारी माणसं होती. कोणीतरी रात्री उठून त्यांची कूस बदलली असेल. त्यांचा व्हिडिओ नाही येत.

आता पथकातल्या पोरांची गोष्ट ऐका.

विक्रोळीतली आमची जुनी इमारत, तिसरा मजला, लिफ्ट नाही. दादा घरी आल्यावर फक्त हॉस्पिटलसाठी खाली उतरायचा, एरवी नाही. एका रविवारी चौघं जण न विचारता, न कळवता घरात. "चल खाली, कॅरमचा डाव लागलाय." पुढून दोघांनी, मागून दोघांनी व्हीलचेअर उचलली. जिना वळतो तिथे तिरकी केली, "मागचा, हळू रे", "पाय सांभाळ त्याचे", आणि दादा त्यांना वरून शिव्या घालतोय. खाली बोर्डापाशी लावला. कसं वाटतंय, काही फरक आहे का, कोणी चकार शब्द काढला नाही. सोंगट्या मांडल्या. दादा हरला. आणि त्याच्याकडून सगळ्यांच्या वडापावचे पैसे वसूल केले!

अपघातानंतर त्याच्याकडून कोणी काही मागितल्याची ही पहिली वेळ.

मला माहितीय, आता कोणीतरी लिहिणार: ज्यांच्या नादाने पडला त्यांनाच डोक्यावर घेतेस? लिहा. हेल्मेट, मॅट, दोर सगळं हवं होतं आणि सरावाला त्यातलं काही नव्हतं, मान्य. २०२२ ला सरकारने दहीहंडी हा साहसी खेळ म्हणून जाहीर केला तेव्हा आम्हीही टाळ्या वाजवल्या, तेही मान्य. पण माझ्या भावाला तीन जिने उतरवून खाली कोणी नेलं? नाक मुरडणाऱ्या एकानेही नाही.

इमारतीत रॅम्पचा विषय काढला की "रिडेव्हलपमेंट होणारच आहे, आता कशाला खर्च?" दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ चा आहे, रिडेव्हलपमेंट कधीची आहे ते देवाला ठाऊक. हाजी अलीच्या फिजिकल मेडिसिनच्या संस्थेत जायचं तर टॅक्सीच्या डिकीत सीएनजीची टाकी. खुर्ची ठेवायची कुठे? ड्रायव्हर बघतो आणि मान हलवतो. बिचाऱ्याचाही दोष नाही. यात इच्छाशक्ती कुठे लावू, सांगा.

आणि वहिनीला "सावित्री" म्हणणं आधी बंद करा. प्लीज. यमाच्या मागे जाणं सोपं होतं हो, एकदाच जायचं होतं. हिला दर दोन तासांनी कूस बदलायची असते, रात्रीसुद्धा. टाचा, माकडहाड, खुबे रोज तपासायचे, कुठे लाल झालंय का. बेडसोअर एकदा झाला की महिनोन्महिने भरत नाही. तिने लॅबमधली नोकरी सोडली. तिला सावित्री म्हटलं की आपण सगळे सुटलो, वडाला दोरा गुंडाळून घरी जायला मोकळे.

आज काका बसले होते तेव्हा दादाची नळीची वेळ उलटून गेली होती. लघवी दर चार-सहा तासांनी नळी घालून काढावी लागते. आता तो स्वतःची स्वतः करतो, नीट शिकलाय. मूत्राशय जास्त भरलं की इन्फेक्शन, ताप, पुढे किडनीला त्रास. म्हणून पाणीसुद्धा मोजून. वर शहाळी. वहिनी दोनदा दारात येऊन गेली, दादाने डोळ्यांनीच थांब सांगितलं. मोठ्या माणसाला उठा कसं म्हणायचं? खुर्चीत बसला की दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन तो बूड उचलतो, कातडीवरचा दाब जावा म्हणून. दिवसभर. त्या पाऊण तासातही उचललं, काकांना वाटलं अवघडलाय.

हो, मन खचलं तर व्यायाम होत नाही, हे डॉक्टरही सांगतात. ठीक आहे. पण मन कशाने उभं राहतं ते मी त्या रविवारी पाहिलंय. वडापावचे पैसे देताना तो वहिनीवर ओरडला, "पाकीट कुठे ठेवलंस माझं?" वहिनी आत जाऊन रडली, आनंदाने. पाकीट कित्येक महिने कोणाला लागलंच नव्हतं.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. हेच काका ऑपरेशनच्या रात्री हॉस्पिटलबाहेर फुटपाथवर पेपर टाकून झोपले होते. रक्ताची धावपळ त्यांनीच केली होती. तेव्हा काय करायचं ते त्यांना माहीत होतं. आता काय करायचं ते माहीत नाही, म्हणून व्हिडिओ आणतात. तुमच्यातल्याही बऱ्याच जणांचं तेच झालंय. येता, हळहळता, जाता.

म्हणून सरळ सांगते. पोरं दर रविवारी येतात, पण शनिवार रिकामा असतो. येत्या शनिवारी वहिनीला आईकडे नालासोपाऱ्याला जायचंय, कितीतरी दिवसांनी, आणि मला ऑफिस आहे. अकरा ते चार घरात कोणीतरी हवं. कूस कशी बदलायची ते दादा स्वतः सांगतो, फक्त त्याचं ऐकायचं. नळीच्या वेळी बाहेरच्या खोलीत जाऊन बसायचं. जेवण वहिनी करून ठेवणार आहे, तुमचंसुद्धा. काका, तुम्ही वाचत असाल तर अकरा ते एक तुमचं नाव मी टाकलंय. बाकीच्यांनी कॉमेंटमध्ये हात जोडलेले टाकू नका. येणार असाल तर वेळ लिहा.