‘सुकाणू डावीकडे जड’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

होडीसाठी घरी केलेल्या ऑटोपायलटवर मी लेख लिहिला होता: होकायंत्र बघून वायपरची मोटर सुकाणू फिरवते, आणि ती अडकून करंट ६ अँपिअरवर गेला की सेन्सर ते ओळखून तिला थांबवतो. त्यावर प्रतिक्रिया सविस्तर लिहिलीत आणि चांगली तिखट लिहिलीत, म्हणून उत्तरही लांबलंय. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: हेडलाइटचे बल्ब आणि साधा मल्टिमीटर घेऊन केलेलं या सेन्सरचं कॅलिब्रेशन (मीटरशी आकडे जुळवणं) म्हणजे पोरखेळ, फ्यूज असताना मोटरचा करंट मोजायची हौस कशाला, आणि ‘सुकाणू डावीकडे जरा जड जातं’ हे माझं वाक्य वाचून तुम्हाला हसू आलं.

आधी मल्टिमीटर. त्याच्यावर व्होल्टेज पडतं म्हणून आकडा चुकतो, असं तुम्ही म्हणता. पण मीटर, बल्ब आणि सेन्सर एकाच तारेत ओळीने आहेत. मीटरमुळे करंट घटला तरी तो सगळ्यांतून सारखाच घटणार. मला फक्त मीटर आणि सेन्सर जुळवायचे होते. ५५ वॉटचा एक बल्ब लावला तेव्हा मीटरवर ४.४ अँपिअर, सेन्सर वाचणाऱ्या आर्डुइनोवर (प्रोग्रॅम घालता येणारा छोटा बोर्ड) करंट नसतानाच्या आकड्यापासून, म्हणजे शून्यापासून, ९० पायऱ्या. दोन लावले तेव्हा ८.७ आणि १७८. म्हणजे अँपिअरला साधारण साडेवीस पायऱ्या, आणि २० अँपिअरवाल्या एसीएस७१२ चे (माझा करंट सेन्सर) १०० मिलिव्होल्ट प्रति अँपिअर धरले तर हिशेबानेही तेवढ्याच येतात. (गार बल्ब क्षणभर भलताच करंट ओढतो, म्हणून पेटवल्यावर दोन-तीन सेकंद थांबायचं. रेंगाळायचंही नाही: माझ्या मीटरवर १० अँपिअरच्या भोकाशेजारीच ‘कमाल १० सेकंद’ छापलंय.) स्क्रीनवर मात्र मी दोन दशांश स्थळं दाखवत होतो, ती थाप होती. कबूल. मुळात एक पायरीच ०.०५ अँपिअरची.

फ्यूजचं म्हणाल तर १५ अँपिअरचा फ्यूज १२ अँपिअरला ढिम्म हलत नाही. तोवर अडकलेल्या वायपर मोटरच्या आतल्या नायलॉनच्या चाकाचे दाते सोलून निघतात. माझे एकदा निघालेत.

आता सुकाणू. तुमचं हसू जिव्हारी लागलं म्हणून रविवारी रेवदंड्याला गेलो. होडी पावसाळ्यासाठी वर ओढून झापांखाली ठेवलीय. मोटर बंद ठेवून नुसतं शून्य, म्हणजे करंट नसतानाचा आकडा, वाचलं. घरी टेबलावर ५१२ यायचं, तिथे ५२१! वायर हलवली, ५२१. डबा मोटरपासून वीतभर लांब नेला आणि आकडा उतरत उतरत ५१३ वर आला. हा सेन्सर चुंबकीय क्षेत्रावरून करंट ओळखतो, वायपर मोटरमध्ये कायमचे चुंबक असतात, आणि मी सेन्सरचा डबा मोटरला खेटून बसवला होता. होकायंत्राचा सेन्सर मात्र तिच्यापासून दोन हात लांब, जपून लावलेला!

नऊ पायऱ्या म्हणजे ०.४४ अँपिअर. मर्यादा ६ ची, पण एका दिशेला मोटर ५.५६ वरच थांबत होती, दुसऱ्या दिशेला ६.४४ पर्यंत जोर लावत होती. सुकाणू दोन्हीकडे सारखंच आहे. डावीकडे ऑटोपायलट आधी हात टेकायचा, इतकंच. सहा महिने मी बिचाऱ्या सुकाणूच्या बिजागऱ्यांना ग्रीस लावत होतो.

आता डबा लांब हलवलाय, शिवाय चालू होताना मोटर सुटी असेपर्यंत प्रोग्रॅम २०० वेळा वाचून स्वतःचं शून्य ठरवतो. ते ४९० आणि ५३४ च्या बाहेर गेलं तर सुरूच होत नाही, लाल दिवा लावतो.

मूळ लेखातलं ते वाक्य मी खोडलंय, खाली तुमच्या शंकेचा उल्लेख केलाय. पाण्यातली खात्री नारळी पौर्णिमेनंतर होडी उतरवल्यावरच.